एकालाही ठिगळ नाही

काकू,

तुम्ही गेल्याचं तुमच्या लेकानं, विलासदादांनी, मला स्वयंपाकघरात सांगितलं. वडशाहून फोन आला होता. दुपारी जेवून तुम्ही आडव्या झालात आणि उठलाच नाहीत, एवढंच ते म्हणाले. मी ओट्याला टेकून उभी होते. खरं सांगते, पहिल्यांदा रडू आलं नाही. पहिल्यांदा आठवलं ते हे की, त्या उंच टोपीवाल्या राष्ट्राध्यक्षाच्या सिनेमाची शेवटची वीस मिनिटं तुमची बघायची राहिली.

राहिली म्हणजे तुम्हीच ठेवलीत. तुम्ही विचारलं होतं, "हा मरते का शेवटी?" मी हो म्हटलं, इतिहासच तसा आहे. तुम्ही मटाराचं ताट मांडीवरून बाजूला ठेवलंत आणि लॅपटॉपचं झाकण स्वतःच्या हातानं खाली केलंत. "मंग नको. मेल्यावर तं सगळेच मोठे दिसते. जित्तेपणी जेवढा होता तेवढा पायला, बस झालं."

म्हणून तुमच्याबद्दल लिहिताना भीती वाटते आहे. तुम्हाला मोठं करायचं नाही असं ठरवून बसले आहे. जमेल की नाही, माहीत नाही.

मी तुमच्या घरी आले तेव्हा मला कुणाशी काय बोलावं हेच कळत नव्हतं. २०२० चा ऑक्टोबर. कॉलेज उघडणार म्हणून मी सोलापूरहून आयर्लंडमधल्या कॉर्कला आले आणि आठ-दहा दिवसांत सगळे वर्ग ऑनलाइन गेले. विलासदादा कॉर्कजवळ रिंगास्किडीच्या औषधांच्या कारखान्यात कामाला. त्यांच्या घरातली जिन्यावरची लहान खोली मला भाड्यानं मिळाली. तुम्ही चार महिन्यांसाठी लेकाकडे आला होतात आणि आधी विमानं बंद म्हणून आणि मग साथीच्या भीतीनं अडकून पडला होतात. पाच किलोमीटरच्या बाहेर कुणालाच जायची परवानगी नव्हती. मी बुजून खोलीतच जेवायचे. तिसऱ्या दिवशी तुम्ही दार न वाजवता आत आलात, ताट उचललंत आणि चालू लागलात. ताटामागून मी खाली आले. त्यानंतर कधी खोलीत जेवले नाही.

घरात सगळ्यात जास्त वेळ तुम्ही, मी आणि ईरा. ईरा तुमची नात, नऊ वर्षांची. तुम्ही तिच्याशी वडशाकडचं, झाडीपट्टीतलं मराठी बोलायचात आणि ती तुम्हाला कॉर्कच्या मुलांसारखं इंग्रजीत उत्तर द्यायची. तुम्हाला तिचं इंग्रजी कळायचं नाही, तरी तुमची भांडणं व्यवस्थित व्हायची. मला तर सुरुवातीला दोघींचंही नीट कळायचं नाही.

मी काय शिकते ते तुम्ही विचारलंत तेव्हा मी लाजत सांगितलं की, इतिहासावरचे सिनेमे. अमेरिकेत आणि इंग्लंडच्या राज्यात गुलामगिरी होती, ती कायद्यानं बंद झाली, त्यावरचे सिनेमे पुढाऱ्यांना कसं दाखवतात, यावर मला प्रबंध लिहायचा आहे. तुम्ही म्हणालात, "सिनेमा पायाचे मार्क भेटते का तुले?" मी म्हटलं, हो, तसंच काहीसं. त्यावर तुम्ही इतक्या हसलात की, विलासदादा मीटिंग सोडून बघायला आले.

माझ्या घरात मी पहिलीच कॉलेजात गेलेली. वडील यंत्रमागावर, आई विड्या वळायची. सरकारी शिष्यवृत्तीवर इथवर आले, तरी माझ्या डोक्यात एकच होतं. जे पुस्तकात छापलंय ते खरं, आपण फक्त ते नीट उतरवायचं. माझ्या मार्गदर्शक मॅडम स्क्रीनवरून दर पंधरवड्याला विचारायच्या, "पण तुला काय दिसतं?" मला काहीच दिसायचं नाही. मी तोच सिनेमा तीनदा पाहिला होता. राष्ट्राध्यक्ष बोलतो, सभागृह ऐकतं, मी वहीत वाक्यं उतरवते.

मग एका दुपारी तुम्ही माझ्या शेजारी मटार सोलायला बसलात आणि म्हणालात, "आवाज बंद कर. मले इंग्रजी समजत नाही, उगाच कटकट होते."

आवाज बंद केला. राष्ट्राध्यक्षाचं सगळ्यात गाजलेलं भाषण, ज्यावर माझी अकरा पानं होती, ते नुसतं एका दाढीवाल्या माणसाचं तोंड हलणं झालं. तुम्ही त्याच्या कोटाकडे बघत होतात. मान तिरकी करून, दुकानात कापड बघावं तशा. "कोट झकास शिवला हाय. कोपरावर चमक आणली पाहाय, टेबलावर टेकून टेकून येते तशी. शिवणारा हुशार हाय." मग गुलाम माणसं पडद्यावर आली, कापसाच्या शेतात, रांगेत. तुम्ही थांबव म्हणालात. मागे घे म्हणालात. पुन्हा थांबव. मटार सोलायचे थांबले.

"काहून वं पोरी, यायच्या घरी सुई नोती का?"

मला कळलं नाही. तुम्ही पडद्याला बोट लावून दाखवलंत. सदरा खांद्यावर फाटलेला, पॅन्ट गुडघ्यावर फाटलेली. दुसऱ्याचंही तसंच, तिसऱ्याचंही. "कात्रीनं फाडले हाय. पोतं उचलणाऱ्याचा सदरा खांद्यावर फाटत नाही असा, झिजते, आरपार दिसाले लागते. अन् फाटला तं फाटला. माणूस शिवते ना त्याले. याची बायको शिवन, माय शिवन, तो सोता शिवन. पाय बरं, एवढे लोक हाय, एकालेबी ठिगळ नाही."

पुढच्या आठवड्यात आपण बाकीचे दोन सिनेमे पाहिले, इंग्लंडच्या संसदेवरचा आणि बेटावरच्या उसाच्या मळ्याचा. दोन्ही बिनआवाजाचे. दोन्हींत चिंध्या होत्या, ठिगळ नव्हतं. तुम्ही रागावला नव्हतात. तुम्हाला कामातली चूक सापडल्याचा आनंद झाला होता. म्हणालात, फाटलेलं दाखवलं की यांचं काम झालं. शिवलेलं दाखवलं तर लोकांना कळेल ना की, ही माणसं साहेबाच्या सहीची वाट बघत नुसती बसली नव्हती.

त्या दिवशी मला पहिल्यांदा काहीतरी दिसलं, काकू. खरं म्हणजे तुम्हाला दिसलं. पुढचं सगळं या दोन वाक्यांमधल्या फरकाबद्दलच आहे.

तीस वर्षं तुम्ही वडशाच्या नाटक कंपनीचा कपडेपट सांभाळलात हे मला त्यानंतर कळलं. दिवाळीनंतर नाटकं सुरू व्हायची, गावोगाव. राजाचा अंगरखा सगळ्यांना दिसतो म्हणून तो कसाही होऊनच जातो, कुणीतरी जरीचा काठ आणतो, कुणीतरी मोती. म्हणून तुमचा नियम होता की, शिवायला बसायचं ते शेवटच्या रांगेपासून. आधी पहारेकरी, मग पाणक्या, मग दासी, मग वर. मालक ओरडायचे, तुम्ही ऐकायचा नाहीत. आणि प्रत्येकाच्या गळ्याच्या आतून लाल दोऱ्यानं घालणाऱ्याचं नाव. राजाचंही तेवढंच, भालदाराचंही तेवढंच. बाहेरून कुणाला दिसत नाही, पण घालताना त्याचं त्याला दिसतं.

मी हे ऐकून भारावून गेले आणि तुम्हाला ते अजिबात आवडलं नाही. "नाव नसन तं कपडे अदलाबदल होते. पहारेकरी जाडा, पाणक्या बारीक. प्रवेश चुकन ना, बाप्पा."

आपलं भांडणही मला लिहायला हवं. ते अजून मिटलेलं नाही.

फेब्रुवारीत आपण नदीच्या कडेनं चालत होतो. तुम्ही नऊवारीवर ईराच्या आईचे, स्नेहावहिनींचे, रबरी बूट घातले होते आणि समोरून येणारी प्रत्येक आयरिश बाई तुम्हाला थांबून काहीतरी चांगलं म्हणत होती. तुम्ही सगळ्यांना "ग्रँड, ग्रँड" म्हणत होतात, ईराकडून शिकलेलं. मी म्हणाले की, पण काकू, पुढारी मोठा दाखवायलाच लागतो. त्यानं सही केली, त्यासाठी स्वतःच्या माणसांशी वैर घेतलं, ते काय खोटं आहे का? आणि चेहरा एकच असला तरच माणसं दोन तास बसतात.

तुम्ही पटकन मान्य केलंत. "राजा पायजेच. राजाबिगर तिकीट खपत नाही."

मला जिंकल्यासारखं वाटलं असावं. मी पुढे विचारलं, "मग तुमच्या नाटकात पहारेकऱ्याला वाक्य होतं का?"

तुम्ही थांबलात. ओहोटी होती, चिखलात बगळे उभे होते. मग म्हणालात, चल, थंडी वाजते. दोन दिवस तुम्ही माझ्याशी कामापुरतंच बोललात. मी रोज माफी मागायची ठरवायचे आणि तुमच्यासमोर आले की, कुकरच्या शिट्ट्या किती झाल्या एवढंच विचारायचे. तिसऱ्या दिवशी चहा देताना तुम्ही म्हणालात:

"नोतं. तीस वर्सांत एकाही पहारेकऱ्याले वाक्य नोतं. पण सदरा होता."

सदरा पुरेसा असतो का, हा प्रश्न मी त्यावर विचारायला हवा होता. विचारला नाही. तुम्ही एवढी खरी कबुली दिलीत आणि मी म्हणाले, साखर थोडी कमी चालेल. काकू, मला अजूनही वाटतं की पुरेसा नसतो. तुम्हीही तेच म्हणाला असतात असं मला वाटतं, पण हे मी तुमच्या नावावर लिहिणार नाही. तुम्ही म्हणाला नाहीत.

आता ते सांगते, जे तुम्हाला सांगायचं राहिलं.

मार्चमध्ये वर्गात प्रत्येकाला आपल्या प्रबंधाचा मुख्य मुद्दा मांडायचा होता. मी जिन्यावरच्या खोलीत बसून पडद्यावरच्या चौदा चेहऱ्यांसमोर बोलले. तीन सिनेमांतल्या चिंध्यांची चित्रं दाखवली. म्हणाले, "माझं निरीक्षण असं आहे, की एकालाही ठिगळ नाही." मॅडम म्हणाल्या की, त्या वीस वर्षं हे सिनेमे शिकवतायत आणि हे त्यांच्या कधी नजरेत आलं नव्हतं. एका मुलानं विचारलं, तुला हे सुचलं कसं? दार बंद होतं, खाली तुम्ही मिक्सर लावला होता. मला म्हणता आलं असतं की, खाली एक बाई आहेत, त्यांना बोलावते. मी म्हणाले, "नीट पाहत गेले, तसं दिसत गेलं."

आयुष्यात पहिल्यांदा हुशार माणसं मला हुशार म्हणत होती. ते मला सोडवेना. एवढंच कारण आहे, दुसरं नाही.

बाकीच्यांचं ऐकून संपल्यावर खाली आले तर तुम्ही कोथिंबीर भरलेल्या सांबारवड्या केल्या होत्या. काही सण नव्हता, मंगळवार होता. मी विचारलं, आज कशाबद्दल? तुम्ही म्हणालात, असंच, कोथिंबीर खूप आली होती. मी पाच खाल्ल्या आणि प्रत्येक वडीबरोबर सांगायचं ठरवलं. मग रोज ठरवलं, जूनपर्यंत. तुम्ही निघालात त्या सकाळी मी तुमची बॅग गाडीत ठेवली, पाया पडले, तरी नाही सांगितलं. तुम्ही माझा काळा कोट मला परत दिलात. जुने कपडे विकणाऱ्या धर्मादाय दुकानातून घेतलेला, अस्तर सुटलेलं, ते तुम्ही शिवून ठेवलं होतं. "हरवू नको," म्हणालात. गळ्याच्या आत लाल दोऱ्यानं 'दीपा' लिहिलं होतं. मला वाटलं, ईराच्या आईचा कोटही काळाच आहे, अदलाबदल होऊ नये म्हणून.

तुमची बातमी आली तेव्हा प्रबंध द्यायला दहा दिवस उरले होते. ज्या प्रकरणात तुमचं सगळं आहे, त्यात तुमचं नाव कुठंच नव्हतं. मी सोपा मार्ग शोधला. आभाराचं पान असतं, त्यात घालू, 'कै.' लावून, चार भावुक ओळी. लिहूनही टाकल्या. वाचल्या तेव्हा तुम्ही लॅपटॉपचं झाकण खाली करताना दिसलात. मेल्यावर सगळेच मोठे दिसतात. आणि मी हेही ओळखलं की, मी जे केलं ते नेमकं या सिनेमांसारखंच होतं. मी पुढं उभी राहून बोलले आणि ज्यांच्या हातात सुई होती, त्यांना मागच्या रांगेत बिनवाक्याचं ठेवलं. सदरासुद्धा दिला नाही.

मॅडमना मी ईमेल लिहिला. सगळं सांगितलं, मिक्सरसकट. लिहिलं की, मुख्य मुद्दा माझा नाही, तो चौथी शिकलेल्या एका बाईंचा आहे. यामुळे मला नापास केलंत तरी मला समजेल. पाठवला आणि स्वयंपाकघरात जाऊन बसले. शिष्यवृत्तीवाल्यांना काय सांगू, वडिलांना काय सांगू, इथपर्यंत विचार गेले.

उत्तर तासाभरात आलं. त्यांनी मला झापलं, ते बरोबरच होतं. मार्चमध्येच सांगायला हवं होतं, म्हणाल्या. पण प्रबंध अजून दिलेला नाही, म्हणजे दुरुस्त करता येतो. आभारात नाही, प्रकरणाच्या पहिल्या परिच्छेदात त्यांना घे. त्या कोण, काय काम करायच्या, हे त्यांनी कसं पाहिलं, सगळं. हे निरीक्षण त्या कामातूनच आलंय, ते काम सांगितल्याशिवाय त्याला अर्थ नाही. फक्त घरच्यांची लेखी परवानगी आण.

परवानगीचा कागद घेऊन मी विलासदादांसमोर उभी राहिले. आई जाऊन चार दिवस झालेल्या माणसाला मी सांगितलं की, मी तुमच्या आईचं म्हणणं चोरलं होतं. त्यांनी कागद हातात घेऊन वाचला. मग त्यांचे खांदे हसण्यानं हलू लागले, अगदी तुमचे हलायचे तसे.

"अगं, आईला माहीत होतं," ते म्हणाले.

त्यांनी ईराला हाक मारली. ईरा त्या मंगळवारी तिच्या खोलीत होती, शाळा ऑनलाइन, कान माझ्या भिंतीला. माझं सगळं भाषण तिनं ऐकलं आणि खाली जाऊन तुम्हाला सांगितलं. कसं सांगितलं ते तीच जाणे. "आय डिड इट इन मराठी अँड ऑल," ती म्हणाली. "आजी वॉज डिलाइटेड, लाइक."

त्यावर तुम्ही मिक्सर बंद करून कोथिंबीर निवडायला घेतलीत. संध्याकाळी वडशाला फोन लावून बहिणीला सांगितलंत की, आपलं म्हणणं आयर्लंडच्या कॉलेजात वाचून रायले. विलासदादा म्हणाले होते, मग दीपाला विचारू का, तुझं नाव का नाही घेतलं? तर तुम्ही त्यांना गप्प बसवलंत. त्यांनी तुमचं वाक्य तुमच्याच आवाजात म्हणून दाखवलं: "तिले सांगू दे. पोरगी सांगते थोड्या दिवसांनं. अजून तिले तिचं नावच सापडलं नाही, माह्यं कुठून सांगन?"

मी वर खोलीत गेले आणि कोटाचा गळा उलटा करून बघितला. मग रडले, काकू. चार दिवसांनी. आणि रडताना मधेच हसायला येत होतं, कारण मार्चपासून मी तुमच्यापासून लपवत होते आणि तुम्ही माझ्यापासून.

आता शेवटचं, आणि हे ऐकून तुम्ही माझ्यावर चिडणार आहात.

काल दुपारी ईरा म्हणाली, आजीची वीस मिनिटं आपण बघून टाकू. मी बसले. आवाज बंद. राष्ट्राध्यक्ष गेला, काळ्या पताका, रस्त्याच्या दुतर्फा माणसं. मी तो शेवट तीनदा पाहिला होता, पण तुमच्याआधी, म्हणजे न बघता. ईरा तुमच्यासारखी मान तिरकी करून बसली होती. एकदम तिनं बोट लावलं. "वेट. गो बॅक."

मागे घेतलं. गर्दीत तिसऱ्या रांगेत एक म्हातारी बाई आहे, गुलामीतून सुटलेली. दोन सेकंद दिसते. तिच्या बाहीवर, कोपराजवळ, ठिगळ आहे. वेगळ्या रंगाचं, चौकोनी, चारही बाजूंनी बारीक टाके.

काकू, एक सापडलं. तुम्ही शेवट पाहायला हवा होता. तुमचं वाक्य चुकलं, माझं प्रकरण चुकलं, पाच दिवस राहिलेत आणि मला तीनही सिनेमे पुन्हा पहिल्यापासून बघायला लागणार आहेत. आणि मला इतका आनंद झालाय की, काय सांगू. कारण दिग्दर्शकानं ते सांगितलं असेल असं मला वाटत नाही, दोन सेकंदांसाठी कोण सांगतं. तिथंही कपडेपटात कुणीतरी होतं, ज्यानं शिवायला शेवटच्या रांगेपासून सुरुवात केली होती.

आम्ही सिनेमा बंद केला नाही. शेवटची नावं वर सरकू लागली. नटांची, संगीताची, मग खूप खाली, बारीक अक्षरांत, कपडेपटाची. ईरा एकेक नाव थांबवून तिच्या कॉर्कच्या उच्चारात मोठ्यानं वाचत गेली आणि मी वहीत उतरवत गेले. त्यातलं नेमकं कुणाचं ते ठिगळ, हे कळत नाही. म्हणून सगळीच घेतली. पानाच्या वर पहिलं नाव तुमचं आहे.